‘प्री-मेड’ला प्रवेश म्हणजे मेडिकलला प्रवेश नव्हे

वाचकांचे प्रश्न : बारावी सायन्सनंतर
(उत्तरं : ठाण्याच्या एका ज्युनिअर कॉलेजातून निवृत्त झालेल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापिका)

नीटचे मार्क, कॅप राउंड, ‘बायोटेकला स्कोप आहे का’ ही पत्रं दरवर्षीचीच. यंदा मात्र अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजांविषयीची पत्रं एकदम आली. परदेशी प्रवेशाचे मेळावे आता ठाण्या-वाशीच्या हॉटेलांत भरतात, गुळगुळीत माहितीपत्रकं घरोघर पोचतात, त्याचा हा परिणाम असावा. माझी भाची मिशिगनमधल्या अशाच एका छोट्या कॉलेजात शिकली. त्यामुळे या विषयाचं मला थोडं जास्तच माहीत आहे, आणि थोडं जास्तच बोलायचंही आहे.

प्रश्न : बाई, मुलगी यंदा बारावी झाली. नीटला ७२० पैकी ४७८ पडले. सरकारी सीट लागणार नाही, प्रायव्हेटची फी झेपणार नाही, रिपीट करायला ती तयार नाही. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका ख्रिस्ती लिबरल आर्ट्स विद्यापीठात तिला ‘बायोलॉजी, प्री-मेड’ला प्रवेश मिळालाय, फीमध्ये बरीच सूटही आहे. माहितीपत्रकात लिहिलंय की त्यांच्या मुलांचा मेडिकल प्रवेशाचा टक्का देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. सासूबाई म्हणतात, ‘सायन्सची पोरगी आर्ट्सला कशाला घालतेस?’ पाठवू का?
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : सासूबाईंचं आधी मिटवू. तिथे आपल्यासारख्या साइड नसतात. मुलगी बायोलॉजीच शिकेल. जोडीला इतिहास, तत्त्वज्ञान, एखादी भाषा, आणि कॉलेज ख्रिस्ती असल्यामुळे बायबलचे एक-दोन पेपर. त्यांना सांगा, नात सायन्सलाच आहे.

आता तुमचं. ‘प्री-मेड’ ही पदवी नाही, तो कोर्सही नाही. अमेरिकेत बारावीनंतर थेट डॉक्टरकी नसते. आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल, मग विषयाप्रमाणे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. पदवी घेता घेता मेडिकल कॉलेजांना हवे असलेले विषय पुरे करायचे, त्या वाटेला प्री-मेड म्हणतात : वर्षभर बायोलॉजी, वर्षभर जनरल केमिस्ट्री, वर्षभर ऑरगॅनिक, वर्षभर फिजिक्स, सगळं प्रॅक्टिकलसकट, शिवाय बायोकेमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स. दंतवैद्यक, फिजिओथेरपी, फार्मसी, फिजिशियन असिस्टंट या वाटाही अशाच. त्या सगळ्यांना मिळून तिथे ‘प्री-हेल्थ’ म्हणतात. थोडक्यात, तुमच्या मुलीला बीएस्सीसारख्या पदवीला प्रवेश मिळालाय. मेडिकलच्या दारापर्यंत अजून चार वर्षं आहेत.

मेडिकलला अर्ज करायचा तर एमकॅट, म्हणजे तिथली मेडिकलची प्रवेश परीक्षा. चार विभाग, ४७२ ते ५२८ यांच्यामधला स्कोअर, आणि सकाळी बसलं की सुट्ट्या धरून साडेसात तास. त्यातल्या एका विभागात सायन्सचा एकही प्रश्न नसतो, नुसते उतारे : तत्त्वज्ञान, कला, समाजशास्त्र. आपली हुशार मुलं नेमकी इथे आपटतात. एमसीक्यूच्या क्लासला दोन वर्षं घालवलेल्या मुलीला शांतपणे दोन पानं वाचून ‘लेखकाचा रोख काय’ हे सांगायची सवयच राहिलेली नसते. लिबरल आर्ट्स कॉलेजात दर आठवड्याला निबंध लिहून घेतात, वर्गात त्यावर वाद घालायला लावतात. तिथे त्याचा उपयोग होतो.

आणि तो टक्का. अख्ख्या अमेरिकेत मेडिकलला अर्ज करणाऱ्यांपैकी दहातल्या चार-साडेचार जणांना प्रवेश मिळतो. कॉलेज म्हणतं, आमचे दुप्पट. खोटं नसेलही. पण भागाकारात खाली कोण आहे? पहिल्या वर्षी ‘मी प्री-मेड’ म्हणणाऱ्यांतली बरीच मुलं ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वर्षी गळतात. ती हिशेबात येतच नाहीत. शिवाय पुष्कळ कॉलेजांत प्री-हेल्थची समिती असते. ती विद्यार्थ्याची मुलाखत घेऊन शिफारसपत्र देते, आणि काही ठिकाणी कच्च्या मुलांना ते पत्र नाकारते किंवा ‘यंदा थांब’ म्हणते. आपल्याकडे बोर्डाच्या निकालाचा टक्का राखायला एखादी शाळा नववीतच मुलांना दाखला देते ना, त्यातलाच प्रकार. तेव्हा त्यांना इमेल करून तीन गोष्टी लेखी मागा : पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणवणारे किती होते, अर्ज किती जणांनी केले, आणि प्रवेश मिळालेल्यांत परदेशी पासपोर्टवाले किती. पहिली दोन उत्तरं येतील. तिसऱ्यावर बहुधा गुळमुळीत काहीतरी येईल, आणि तुमच्या कामाचं तेच आहे.

कारण असं, की अमेरिकेतली बहुतेक मेडिकल कॉलेजं परदेशी नागरिकांना घेतच नाहीत. जी मोजकी घेतात, त्यांतली काही म्हणतात की एक ते चार वर्षांची फी आधी बँकेत राखून ठेवा. ही रक्कम ऐकून घोडबंदर रोडचा फ्लॅट डोळ्यांपुढे येतो. केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज तिथे फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना. वर्गातल्या अमेरिकन मैत्रिणी नर्सिंग होममध्ये पगारी मदतनीस म्हणून किंवा ॲम्ब्युलन्सवर काम करून मेडिकलच्या अर्जासाठी रुग्णसेवेचे तास भरतात. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर कॉलेजबाहेर तसं पगारी काम करता येत नाही, कॅम्पसवर मात्र सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं. हा भेद कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

‘मग डॉक्टर होऊन इथे परत येईल’ असंही कुणी सांगेल. परदेशात वैद्यकीय पदवी घेऊन इथे प्रॅक्टिस करायची तर भारतीय नागरिकाने नीट पात्र असणं २०१८ पासून बंधनकारक आहे, आणि परदेशी प्रवेशासाठी नीटचा निकाल तीन वर्षंच धरतात. तुमची मुलगी तिथे मेडिकलला बसेल चार वर्षांनी. आजचे ४७८ तेव्हा शिळे झालेले असतील. निघण्याआधी राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे नियम एकदा स्वतः वाचा, एजंटकडून ऐकू नका.

एवढं सगळं सांगून वर म्हणते, की पाठवूच नका असं माझं मत नाही. डॉक्टरच व्हायचं, बाकी काही नको, असं तिचं असेल तर पाठवू नका. एक वर्ष रिपीट करणं किंवा इथलं बीडीएस, बीएएमएस, फिजिओ यांचा विचार करणं बरं. पण तिला बायोलॉजी आवडते का, हे कधी विचारलंत? नीटच्या धबडग्यात ते राहूनच जातं. आवडत असेल, तर छोटं कॉलेज ही फार चांगली जागा आहे. तिथे पीएचडी करणारी मुलं नसतात, म्हणून प्रयोगशाळेतलं काम पदवीच्या मुलांच्याच वाट्याला येतं, आणि शिकवायला स्वतः प्रोफेसर असतात.

माझ्या भाचीने पहिल्याच उन्हाळ्यात कॉलेजजवळच्या ओढ्याचं काम केलं. गमबूट घालून पाण्यात उभं राहायचं, जाळी प्रवाहाला आडवी धरायची, पुढचे दगड पायाने ढवळायचे, जाळीत येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि चिमट्याने एकेक किडा वेगळा काढायचा. मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्लं दगडाखाली राहतात. त्यांना भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं, सांडपाणी आलं की सगळ्यांत आधी तीच नाहीशी होतात. रस्त्याच्या गटाराचं पाणी मिळतं त्याच्या वरच्या अंगाला ट्रेमध्ये मेफ्लाय वळवळत होते. खालच्या अंगाला फक्त लाल गांडुळासारख्या अळ्या. तिच्या प्रोफेसर बाई शेजारी तशाच गुडघाभर पाण्यात उभ्या आणि तिलाच विचारतायत, ‘गटार हेच कारण कशावरून? सावलीचा फरक नसेल कशावरून?’ मी इतकी वर्षं शिकवलं, कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड शेकडो मुलांकडून करून घेतली, पण उत्तर आधीच जर्नलमध्ये लिहिलेलं असायचं. त्या पोरीचा फोन आला की मला हेवा वाटायचा.

इथेही एक मेख आहे. उन्हाळी संशोधनासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा जो प्रसिद्ध कार्यक्रम आहे, त्यात फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाले बसतात. म्हणून विचारा : कॉलेजचा स्वतःचा उन्हाळी संशोधन निधी आहे का, आणि तो परदेशी मुलांना मिळतो का? ‘हो’ असेल तर माझ्या लेखी ते उत्तर प्रवेशाच्या टक्क्यापेक्षा मोलाचं. भाची पुढे मेडिकलला गेली नाही. ती आता जेनेटिक कौन्सेलिंग करते, म्हणजे आनुवंशिक आजार असलेल्या कुटुंबांना समुपदेशन. प्री-हेल्थच्या ऑफिसातच तिला या कामाचा पत्ता लागला.

प्रश्न : आमच्या घरी वारी आहे. मुलाला मिळालेल्या ख्रिस्ती कॉलेजच्या कागदांत आठवड्याला चॅपेलची (प्रार्थनासभेची) हजेरी, बायबलचे सक्तीचे पेपर आणि एक करारपत्र सहीसाठी आलंय. विज्ञान शिकायला जायचं आणि धर्माच्या कागदावर सही करायची? धर्मांतर करतील का? आणि अशा ठिकाणी डार्विन शिकवतात का?
— एक वडील, नेरूळ

उत्तर : सहीच्या आधी कागद नीट वाचा, त्यात दोन वेगळे प्रकार असतात. एक आचारसंहिता : कॅम्पसवर दारू नाही, मुलांच्या हॉस्टेलात मुलींना अमुक वेळेनंतर बंदी, कॉपी नाही. वारकरी घराला यात अवघड ते काय? माळकऱ्याला तर सोपंच. दुसरा प्रकार श्रद्धेचं निवेदन : ‘मी येशूला तारणहार मानतो’ अशा अर्थाचं. हे असेल तर मुलाने सही करू नये. पाप लागेल म्हणून म्हणत नाही, पण चार वर्षांची सुरुवात खोट्या सहीने का करायची? कॅलिफोर्नियातलं बायोला किंवा इलिनॉयमधलं व्हीटन यांसारखी कॉलेजं पदवीला ख्रिस्ती श्रद्धा असलेलेच विद्यार्थी घेतात. टेक्ससचं बेलर, मिशिगनची कॅल्विन आणि होप इथे सगळ्या धर्मांची मुलं असतात. तुमचं कॉलेज कुठल्या गटातलं, हे एका इमेलवर कळेल. चॅपेलच्या हजेरीचे नियमही जागोजागी वेगळे. कुठे सक्ती, कुठे पहिली दोन सत्रं, कुठे ऐच्छिक.

धर्मांतराच्या भीतीबद्दल जरा स्पष्ट बोलते. कॉन्व्हेंटच्या केजी प्रवेशाच्या फॉर्मसाठी याच ठाण्या-नेरूळात आईबाप पहाटेपासून रांगेत उभे राहतात. तेव्हा रोज सकाळच्या प्रार्थनेची चौकशी कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि हा प्रश्न आपल्या जिल्ह्याने फार पूर्वी सोडवलाय. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापूरला होते. त्यांनी पत्र आपल्या मासिकात छापलं आणि ख्रिस्ती झालात तर बघू, असा सूर लावला. जोशी कुटुंबाने मानलं नाही. तोच अंक न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघताना चाळला आणि आपणहून मदतीचा हात पुढे केला. १८८३ मध्ये जाण्यापूर्वी आनंदीबाईंनी श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या, मिशनऱ्यांच्याच कॉलेजात उभं राहून सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या एम. डी. झाल्या, साडीतच. तेव्हा व्हिडिओ कॉलही नव्हता. तुमचा मुलगा अठरा वर्षांचा आहे, फोन खिशात आहे आणि पाठीशी ज्ञानेश्वरी आहे. जरा विश्वास ठेवा.

खरी चौकशी डार्विनची करा, ती तुम्ही शेवटी का विचारलीत कळेना! बऱ्याच ख्रिस्ती विद्यापीठांत उत्क्रांती इतर कुठेही शिकवतात तशीच शिकवतात. मानवी जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि उत्क्रांतीचे पक्के समर्थक. पण पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे, असं विज्ञानाच्या वर्गात शिकवणारी कॉलेजंही आहेत. ओळखायचं कसं? बायोलॉजी विभागाची विषयांची यादी उघडा. ‘उत्क्रांती’ नावाचा स्वतंत्र पेपर आहे का, कुठलं पुस्तक लावलंय, शिकवणाऱ्या प्रोफेसरांचं स्वतःचं संशोधन कशावर आहे, हे पाहा. एमकॅटमध्ये नैसर्गिक निवडीवर प्रश्न येतात. ते कच्चं ठेवणारं कॉलेज प्री-मेडला चालणार नाही. बायबलचे पेपर मात्र मन लावून करू द्या. ग्रंथ ओळीओळीने वाचायची सवय वारकऱ्याच्या मुलाला नवी नसावी.

प्रश्न : बाई, मी अकरावीला आहे, पीसीबी. मॅथ्स सोडलंय. पुढे अमेरिकेत प्री-हेल्थ करायचं तर आत्तापासून काय करू? सगळे म्हणतात प्रोफाइल बनव.
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : पहिलं काम, मॅथ्स परत धर. अजून अकरावीत आहेस, कॉलेजमध्ये जाऊन विषय बदलता येतो का विचार. नाहीच जमलं तर घरी बारावीचं कॅल्क्युलस कर. नीटला मॅथ्स लागत नाही म्हणून आपली मुलं ते टाकतात. तिथे पहिल्याच आठवड्यात गणिताची प्लेसमेंट टेस्ट देतात, कच्चा निघालास की आधी खालचा वर्ग, म्हणून फिजिक्स पुढे ढकललं जातं, म्हणून एमकॅट. स्टॅटिस्टिक्स तर संशोधनात पदोपदी लागतं.

‘प्रोफाइल’ या शब्दाचा मला कंटाळा आलाय. पैसे भरून मिळणाऱ्या ऑनलाइन इंटर्नशिपची सर्टिफिकेटं गोळा करू नकोस. तू ऐरोलीत राहतोस, दारातच ठाणे खाडी आहे. २०१५ पासून तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळालाय. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात जा, पाहा, प्रश्न विचार. मग एक जागा धर. दर रविवारी त्याच वेळी तिथे उभा राहा. भरती की ओहोटी, पक्षी कुठले आणि साधारण किती, चिखलावर खेकड्यांची बिळं किती, हे एका वहीत लिही. वर्षभराने त्या वहीतून एक प्रश्न निघेल. तो प्रवेशाच्या निबंधात लिही. ती वही बघून प्रोफेसर तुझ्याशी दोन वाक्यं जास्त बोलतील, सर्टिफिकेट बघून नाही.

आणि इंग्रजी वाचन. अभ्यासाचं नव्हे; लेख, निबंध, चरित्रं. रोज अर्धा तास.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत जन्मला, पासपोर्ट तिथलाच आहे. सध्या दहावीत, खारघरला. त्यालाही ख्रिस्ती कॉलेजात प्री-मेड करायचंय.
— एक आई, खारघर

उत्तर : तुमची गोष्ट पूर्ण वेगळी. वर घोडबंदरच्या ताईंना सांगितलेल्या अडचणींतल्या बहुतेक तुमच्या मुलाला लागू नाहीत : केंद्राची शैक्षणिक मदत, उन्हाळी संशोधन, बाहेरचं पगारी काम, मेडिकलचा अर्ज, सगळं खुलं. फक्त ‘इथे स्वस्तात बीएस्सी करू आणि मग तिकडे मेडिकलला जाऊ’ हा विचार करू नका. तिथली मेडिकल कॉलेजं लागणारे विषय सहसा अमेरिकेत किंवा कॅनडात केलेलेच मागतात. पदवी तिकडेच करू द्या.

प्रश्न : मी कोपरखैरण्यात जनरल प्रॅक्टिस करतो. पुतणी अमेरिकेत प्री-मेडला आहे, उन्हाळ्यात घरी येणार. तिला दवाखान्यात बसवून इंजेक्शन, ड्रेसिंग शिकवावं म्हणतो. अनुभव होईल, शिफारसपत्रही देईन.
— एक डॉक्टर, कोपरखैरणे

उत्तर : डॉक्टर, बसवा जरूर, पण हात लावू देऊ नका. पदवीच्या मुलांनी परदेशात जाऊन, प्रशिक्षण आणि परवाना नसताना, रुग्णांवर केलेली कामं तिथल्या मेडिकल कॉलेजांना मुळीच रुचत नाहीत. फुशारकीने अर्जात लिहिलं तर ते तिच्या विरोधातच जाईल. तिने खुर्ची भिंतीला लावून बसावं, रुग्णाची परवानगी घेऊन ऐकावं, आणि संध्याकाळी वहीत तारीख, किती तास, काय पाहिलं, काय कळलं नाही एवढं लिहावं. रुग्णाचं नाव लिहू नये. पावसाळ्यात तुमच्याकडे तापाची रांग लागेल. कुणाला रक्त तपासायला पाठवता, कुणाला पॅरासिटामॉल देऊन घरी, आणि तपासणीचे पैसे नाहीत म्हणणाऱ्याचं काय करता, हे तिला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

पत्र मात्र तुम्ही लिहू नका. जवळच्या नातेवाइकाच्या पत्राला तिथे किंमत नसते. तिला शिकवणाऱ्या प्रोफेसरांकडूनच ते घ्यायला सांगा.